शब्द उसना, अंगठी सोन्याची

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. मुलगा पुण्याचा, सुविद्य, घराणे ओळखीतले. कार्यालय, तिथी, जेवणाची पाने हे सारे रीतसर ठरले आणि समारंभाला आठ दिवस उरले असता भाची एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. सोहळ्याची व्यवस्था ज्यांच्याकडे सोपवली होती, त्या मंडळींनी तो दिला होता. अंगठी घालताना मुलाने काय म्हणायचे आणि मुलीने काय उत्तर द्यायचे याचे तीन नमुने त्यावर होते. एक इंग्रजीत, एक हिंदीत आणि तिसरा मराठी-इंग्रजीच्या खिचडीत. नावांच्या जागी रिकाम्या रेघा सोडलेल्या. “मामा, यातलं एकही मला म्हणवत नाही,” ती म्हणाली. “तू जन्मभर लिहीत आलास. मला चार ओळी लिहून दे.”

मी तो कागद वाचला. चंद्र होता, तारे होते, सात जन्म होते, ‘तूच माझे जग’ होते. त्या रिकाम्या रेघांवर महाराष्ट्रातील कोणत्याही वधूवरांची नावे घातली असती, तरी काहीही बिघडले नसते. माझे मेहुणे जाऊन नऊ वर्षे झाली. बहीण सांगलीला एकटी राहते. ही तिची एकुलती एक मुलगी. त्या कागदावरील चंद्रताऱ्यांत या घराचा, या मुलीचा, तिच्या आईचा मागमूसही नव्हता.

दोन सोपी उत्तरे

अशा प्रसंगी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की हौसेला मोल नाही, मुलांना हवे ते करू द्यावे. दुसरे आपल्या वर्तुळात अधिक ऐकू येते : हे सारे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे, अंगठीही आपली नव्हे आणि ही भाषणेही आपली नव्हेत, तेव्हा सरळ नकार द्यावा. पहिले उत्तर आळसाचे आहे. दुसरे संस्कृतीच्या अभिमानातून येते; परंतु अभिमानाला अभ्यासाची जोड नसेल, तर तो आपल्याच घरातील ठेव परकी ठरवून बाहेर टाकतो. येथे नेमके तेच घडत आहे.

ज्याला आपण साखरपुडा म्हणतो, त्या विधीचे शास्त्रोक्त नाव काय? वाङ्निश्चय. वाणीने केलेला निश्चय. साखर, नारळ, साडी, ओटी हा सारा त्या निश्चयाचा परिवार. निश्चयाचा प्राण म्हणजे उच्चारलेला शब्द. पूर्वी हा शब्द मुलीच्या वडिलांनी मुलाच्या वडिलांना द्यायचा असे. मुलगी आतल्या खोलीत, मुलगा बहुधा मान खाली घालून. आज दोघेही शिकलेली, मिळवती आणि कायद्याने सज्ञान आहेत. ज्यांना तो शब्द पाळायचा आहे, त्यांनीच तो द्यावा, यात संस्कृतीचा कोणता भंग होतो? वाङ्निश्चयातील वाणी योग्य त्या मुखी आली, एवढेच. प्रश्न हा आहे, की ती वाणी कोणाची असावी. देणाऱ्याची, की भाड्याने आणलेली?

खुणेची गोष्ट

आता अंगठीविषयी. साखरपुड्यात अंगठ्या बदलण्याची आजची तऱ्हा बाहेरून आली हे खरे. परंतु दोन जिवांमधील खूण म्हणून अंगठी भारताला कधीच परकी नव्हती. सुंदरकांडात हनुमंत अशोकवनात सीतेपुढे जातो, तेव्हा तिचा विश्वास बसतो तो रामाचे नाव कोरलेल्या अंगठीमुळे. ती परत पाठवते तो चूडामणी. दागिन्याचे मोल तेथे कोणी करीत नाही. ज्याने तो पाठवला त्याच्या सत्यवचनाचे मोल होते.

कालिदासाने शाकुंतलात ही खूण आणखी खोल नेली आहे. दुष्यंत राजधानीला परतताना शकुंतलेच्या बोटात स्वतःच्या नावाची अंगठी घालतो आणि सांगतो, की रोज यावरील एकेक अक्षर मोजत जा; अखेरच्या अक्षरापाशी पोहोचशील तोवर तुला न्यायला माणसे येतील. किती मधुर, किती वैयक्तिक वचन! आजच्या कोणत्याही छापील कागदाला लाजवील असे. पुढे काय घडले, हे आपण जाणतो. शचीतीर्थावर ती अंगठी पाण्यात पडली, माशाने गिळली, आणि दुर्वासांच्या शापाने राजाची आठवणही गेली. भर दरबारात शकुंतला उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ काय होते? वचन एकांतात दिलेले. साक्षीला वडीलधारे कोणी नाही. कण्व तेव्हा आश्रमात नव्हते. खूण हरवली आणि तिच्याबरोबर शब्दही हरवला.

महाभारतातील मूळ आख्यानात तर अंगठी नाहीच आणि शापही नाही. तेथील शकुंतला गांधर्वविवाहापूर्वीच राजाला अट घालते, की माझा पुत्र युवराज होईल असे वचन दे. पुढे राजा सभेत ओळख नाकारतो, तेव्हा ती रडत बसत नाही. सत्य हे सहस्र अश्वमेधांहून श्रेष्ठ आहे असे त्याला बजावते. आकाशवाणी होते तेव्हाच राजा तिचा स्वीकार करतो आणि कबूल करतो, की मला सारे ठाऊक होते, पण लोकांची खात्री पटणे आवश्यक होते. विवाहप्रसंगी वधूने स्वतःच्या शब्दांत वचन मागणे हे पाश्चात्त्य खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आदिपर्व उघडून पाहावे. आणि वचन दोघांचेच असले तरी ते चार माणसांच्या साक्षीने का द्यावे, हेही तेथेच शिकावे.

ज्यांचे अनुकरण करतो, ते काय करतात?

आता थोडे त्या पश्चिमेकडे पाहू. चित्रपटांतून आपली अशी समजूत झाली आहे, की तिकडे वर-वधू मनाला येईल ते बोलतात आणि लग्न लागते. इंग्लंडच्या चर्चमध्ये तसे नाही. तेथील विवाहविधीचे शब्द १५४९ च्या प्रार्थनाग्रंथापासून चालत आलेले आहेत. १६६२ च्या आवृत्तीत ते स्थिर झाले. आजही तेथे वचनाचे शब्द चर्चने मंजूर केलेल्या पाठांतूनच घ्यावे लागतात, ते घरी रचून आणता येत नाहीत. नोंदणी विवाहातही कायद्याने ठरवलेली वाक्ये म्हणावीच लागतात; हौसेचे शब्द त्यांना जोडता येतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. एक शब्द बदलायचा, तर तेथे पिढ्यानपिढ्या वाद होतो. वधूने पतीची आज्ञा पाळण्याचे वचन द्यावे की नाही, यावर तेथे दीर्घकाळ चर्चा झाली. १९८१ साली राजघराण्यातील डायना यांनी आपल्या विवाहात तो शब्द गाळला, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. याचा अर्थ, तेथेही शब्दाला वजन आहे. आपण उचलले ते वजन नव्हे, वरचे वेष्टन.

त्या इतिहासातील आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १६६२ च्या पाठात वर अंगठी घालताना आपली सर्व ऐहिक संपत्ती वधूला अर्पण करीत असल्याचे सांगतो. वधूच्या हाताने वराला अंगठी घालण्याची सोय त्या पाठात नाही. आणि ज्या देशात हे उदार शब्द शतकानुशतके उच्चारले गेले, तेथे विवाह होताच स्त्रीचीच मिळकत बव्हंशी पतीच्या ताब्यात जाण्याचा कायदा होता. तो बदलण्यास १८७० आणि १८८२ चे कायदे करावे लागले. ओठांवर एक आणि व्यवहारात दुसरे! शब्द कितीही सुंदर असला, तरी मागे आचरण नसेल तर तो पोकळ राहतो, हा धडा त्यांच्याकडून घ्यायचा असेल तर अवश्य घ्यावा.

आणि हिऱ्याची अंगठी? ती प्रेमाचे सनातन प्रतीक आहे अशी समजूत आज मध्यमवर्गीय घराघरांत रुजली आहे. डी बीअर्स या हिरे कंपनीसाठी अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेने १९४७ साली हिऱ्याच्या चिरंतनतेची एक ओळ लिहिली. ती ओळ शंभर वर्षांचीही नाही, आणि आपण तिला परंपरा मानू लागलो. बाजाराने प्रथम अंगठीचा खडा ठरवला. आता तो अंगठी घालताना उच्चारायचे शब्दही ठरवू लागला आहे. संगणकाला विचारले की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात दहा वचने काढून देते. नाव तुमचे, बोट तुमचे, भावना मात्र घाऊक.

आपले घर भरलेले आहे

आपल्याकडे शब्दांची वाण होती काय? गृह्यसूत्रांतील सप्तपदी पाहा. अन्नासाठी पहिले पाऊल, बळासाठी दुसरे, मग समृद्धी, सुख, संतती आणि ऋतू. सातव्या पावलावर वर वधूला कोणत्या नात्याने हाक मारतो? सखी म्हणून. सहजीवनाचा एवढा नेमका, एवढा जमिनीवरचा आराखडा अन्यत्र क्वचितच सापडेल. त्याच विधीत वर स्वतःला आकाशाची आणि वधूला पृथ्वीची, स्वतःला सामाची आणि तिला ऋचेची उपमा देतो. ऋचेवाचून साम गायलेच जात नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उपमेतील आदर कळतो. धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला ओलांडून जाणार नाही, हे ‘नातिचरामि’चे वचन वर देतो ते कन्यादानाच्या वेळी, सर्वांसमक्ष. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असेल तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला, असे मानले आहे.

हे झाले सामाईक शब्द. वैयक्तिक शब्दांचीही आपल्या मराठी लग्नात जागा होती. मंगलाष्टकांत घरातील आत्या, काका, आजोबा स्वतः रचलेले श्लोक म्हणत. त्यांत दोन्ही कुळांची, गावांची, वधूवरांची नावे गुंफलेली असत. उखाणा तर खास वधूवरांचा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि विवाहासाठी मराठी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते आणि वर ते देतो. आपल्या मातृभाषेत, सर्वांना समजेल असे वचन, तेही दीडशे वर्षांपूर्वी! पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने संस्कारांचा अर्थ मराठीत सांगत विधी करण्याची पद्धत रुजवली आणि स्त्रियांनाही पौरोहित्याची दीक्षा दिली. ही सारी आपलीच परंपरा आहे. ती ठाऊक नसणाऱ्यालाच छापील कागद विकत घ्यावा लागतो.

ऐकणारे कान कोठे आहेत?

परंतु दोष केवळ बाजाराला देऊन आपली सुटका नाही. समर्थ रामदासांची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि बारा वर्षांचा नारायण मंडपातून निघून गेला. त्या मंडपात तो शब्द सर्वांच्याच कानांवर पडला होता, ऐकला एकानेच. आज आपल्या कार्यालयांत काय चित्र दिसते? गुरुजी घड्याळाकडे पाहत मंत्र उरकतात. छायाचित्रकार वधूवरांना अग्नीकडे पाठ करायला सांगतात. पाहुणे पहिल्या पंगतीचा अंदाज घेत असतात. सप्तपदीच्या सात वाक्यांचा अर्थ वधूला नाही, वराला नाही, त्यांच्या आईवडिलांनाही नाही. ज्या मुलांना आपण स्वतःच्या विवाहाचे शब्द कधी समजावून दिले नाहीत, ती दुसरीकडे शब्द शोधू लागली, तर रागावण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

२०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हिंदू विवाहाच्या या स्वरूपाची आठवण करून दिली. विवाह म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे यांचा प्रसंग नव्हे, दडपणाखाली हुंडा आणि भेटी उकळण्याचा तर नव्हेच. तो संस्कार आहे, आणि विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संस्कार म्हणजे काय, हे सांगण्याची वेळ न्यायालयावर यावी, ही आपणा सर्वांसाठी अंतर्मुख होण्याची गोष्ट आहे.

आणि एक कटू सत्य. लग्न ठरवताना आपल्या समाजात एक मजकूर मात्र आजही अत्यंत काळजीपूर्वक, वैयक्तिकरीत्या, कलमवार लिहिला जातो. त्याला ‘याद’ म्हणतात. मानपान कोणाचा, सोने किती तोळे, कार्यालयाचा खर्च कोणाकडे, वाहन कोणते, हे सारे लिहून दोन्हीकडची मंडळी सह्या करतात. जेथे हे लिहीत नाहीत, तेथे ते ‘तुमच्या मुलीसाठीच’ या गोड शब्दांत बोलले जाते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. साठ वर्षे उलटून गेली, तरी हुंड्यापायी छळलेल्या सुनांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. व्यासपीठावर ‘तूच माझे जग’ आणि आतल्या खोलीत गाडीचा हिशेब! हा दंभ इंग्रजी शब्दांहून अधिक घातक आहे. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्या घरांनी प्रथम ही याद फाडावी. मग नव्या पिढीच्या अंगठीवर टीका करावी.

मग लिहावे कसे?

भाचीला मी मजकूर लिहून दिला नाही. उसना शब्द मामाचा असला तरी उसनाच. मी तिच्यापुढे फक्त काही कसोट्या ठेवल्या. त्या येथेही देतो, कारण हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे.

पहिली गोष्ट, शब्द मातृभाषेत असावा. ज्या भाषेत आपण आईशी भांडतो आणि आजारपणात कण्हतो, त्याच भाषेत दिलेले वचन मनाला बांधते. दुसरी, तो थोडका असावा. अंगठी बोटात जाईपर्यंत जेवढे बोलता येते, तेवढेच पुरे. तिसरी, तो पाळता येण्याजोगा असावा. सात जन्मांची हमी देणे सोपे, कारण ती कोणी वसूल करायला येत नाही. दर महिन्याला, दर आजारपणाला कसाला लागेल असे एक वाक्य लिहिणे कठीण. चौथी, त्यात दोघांबरोबर दोन घरे असावीत. आपला विवाह दोन व्यक्तींचा असतोच, तो दोन कुळांचाही असतो. पाचवी, तो वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, मोठ्याने उच्चारावा. आणि शेवटची, या शब्दांनी विधीची जागा घेऊ नये. साखरपुड्यात ते वाङ्निश्चयाच्या अंगाने यावेत आणि विवाहात सप्तपदी अर्थासह व्हावी. सामाईक शब्द हा पाया, आपला शब्द ही त्यावरची वीट.

तिने पुष्कळ खोडाखोड केली. अखेर जे उरले, ते तिने मुलाला आधी दाखवले, आणि मग त्याने स्वतःचे लिहिले.

साखरपुड्याच्या दिवशी आणखी एक प्रश्न उभा राहिला. मुलीच्या बाजूने पाटावर कोणी बसायचे? वडील नाहीत, तेव्हा मामाने बसावे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. बहीण सवयीने मागच्या रांगेत जाऊन बसली होती. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या गावकऱ्यांनी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सर्वांनी त्याचे कौतुक केले होते. कौतुक दुसऱ्याच्या गावाचे करणे सोपे असते. मी बहिणीला हाताला धरून पुढे आणले आणि पाटावर बसवले. गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि संकल्प सांगायला सुरुवात केली.

मग अंगठ्या आल्या. मुलगा म्हणाला, की तुझी आई ही आजपासून माझीही जबाबदारी आहे, आणि सांगलीचे घर बंद पडू न देणे हे आपल्या दोघांचे काम. भाची म्हणाली, की तुझ्या आईवडिलांच्या बाबतीत माझाही हाच शब्द. आणि रागावले तरी बोलणे सोडणार नाही. एवढेच. ना चंद्र, ना तारे. मुलाकडच्या एका आजोबांनी आधी ‘हे कशाला नवीन?’ म्हणून नाराजी व्यक्त केली होती. ते उठून माझ्या बहिणीपाशी आले आणि म्हणाले, “ताई, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय हं.”

साक्षीदार म्हणतात तो हाच. उद्या ती अंगठी पाण्यात पडली, कोणा माशाने गिळली, तरी त्या सभागृहातील दोनशे माणसे तो शब्द विसरणार नाहीत. म्हणून लग्नघरांतील वडीलधाऱ्यांना विनंती आहे : आपल्या मुलामुलींना गप्प बसवू नका, आणि त्यांच्या हाती छापील कागदही देऊ नका. त्यांना सप्तपदीचा अर्थ सांगा, एक कोरा कागद द्या आणि म्हणा, जे पाळशील तेवढेच लिही. मग ते ऐकण्यासाठी आपण स्वतः पहिल्या रांगेत शांत बसा.